थर्मासपासून गोठ्यापर्यंत

भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात गाय माजावर आली, की गोठित रेतमात्रा येते ती एका जाड भांड्यातून. आत असते उणे १९६ अंश सेल्सियसची थंडी. या भांड्याला वीज लागत नाही. हे कसे साधले ते पाहू.

नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे 'कायमचे वायू' मानले जात. नुसत्या दाबाने ते द्रवरूप होत नसत. १८७७ मध्ये फ्रान्सच्या कायते यांनी दाबलेला, थंड केलेला ऑक्सिजन एकदम प्रसरण पावू दिला, तेव्हा त्याचे धुके दिसले. १८८३ मध्ये क्राको येथे व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी हे दोन्ही वायू द्रवरूपात आणले. पण द्रव टिकवायचा कसा? १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी ठेवली. आपला चहाचा थर्मास तोच! पुढे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरॉल घातले, की गोठवलेल्या शुक्रपेशी जगतात असे आढळले.

पुणे जिल्ह्यात मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बायफ' स्थापन केली. गोठित रेतन शेतकऱ्याच्या दारी पोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

भांडे उत्तम असले तरी नायट्रोजन हळूहळू उडतोच. वेळेवर भर घातली नाही, तर शुक्रपेशी मरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. गाय उलटते, पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी. तेवढे दिवस शेतकऱ्याचे फुकट जातात. थर्मास शिकवताना आपण मुलांना हेही सांगू या: निर्वात पोकळी उष्णतेला उशीर करते, थांबवत नाही.