पडद्यावरचे शिवपुत्र : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे स्वराज्य सोडून मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत गेले. तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. पुढच्या वसंतात दिलेरखानाने भूपाळगड घेतला, तेव्हा युवराज त्याच्या फौजेत होते. 1679 च्या अखेरीस ते परतले, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच, 3 एप्रिल 1680 रोजी, शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. मराठी ऐतिहासिक चित्रपटाच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या नव्या वाचकाला मी या एका वर्षापासून सुरुवात करायला सांगेन. बापाशी बिनसलेला मुलगा बापाच्या जागी नायक म्हणून कसा उभा राहतो, हा कथेचा फार जुना पेच आहे. तो आपल्या इतिहासात प्रत्यक्ष घडला, आणि आपल्या सिनेमाने त्याला बहुतेक वेळा वळसा घातला.

नाचणगावात बसून हा विषय मांडण्याला कारण आहे. पुलगावला लागून असलेल्या या गावाच्या आसपास सह्याद्री नाही, चालत जाऊन पाहावा असा स्वराज्याचा गडही नाही. वर्धेकाठच्या माणसाच्या मनातला रायगड पाठ्यपुस्तकातून, शाळेच्या गॅदरिंगमधून, नाटकातून आणि पडद्यावरून आलेला आहे. त्यामुळे पडद्याने काय दाखवले आणि काय गाळले, हे आमच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. इथे पडद्याशी ताडून पाहायला डोळ्यांसमोर गड नाही.

या पेचाची पहिली मोठी मांडणी रंगभूमीने केली. राम गणेश गडकरी 1919 च्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेरला वारले, तेव्हा त्यांचे ‘राजसंन्यास’ हे नाटक अपुरे होते. त्यातला संभाजी विलासात बुडालेला आहे. चिटणिसांच्या बखरीने रंगवलेले ते चित्र अनेक वर्षे मराठी मनावर राज्य करून होते. ते पुसण्याचे काम इतिहासकारांनी केले. वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेले संभाजीराजांचे चरित्र 1960 मध्ये आले, पुढे 1971 मध्ये कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. बेंद्र्यांनी दप्तरे धुंडाळून, कागद लावून एका बदनाम राजाला त्याचे कर्तृत्व परत मिळवून दिले. मराठी संशोधनातले हे फार मोठे आणि फार चिकाटीचे काम आहे. चित्रपटाच्या अभ्यासकाने ते वाचल्याशिवाय पडद्याकडे वळू नये.

याच दोन ग्रंथांच्या दरम्यान, 1962 मध्ये, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगमंचावर आले. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज आणि डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजीराजे. कानेटकरांनी महाराजांना सिंहासनावरून उतरवून घरात आणले. दोन राण्यांची मुले, वारसाचा प्रश्न, राज्य सांभाळता सांभाळता मुलगा हातचा निसटला याची बापाला लागलेली टोचणी आणि मोगलांकडे जाऊन आल्याचा डाग कपाळी घेऊन उभा असलेला मुलगा. प्रेक्षकांनी हा मुलगा नाकारला नाही. उलट घाणेकर त्या एका भूमिकेने घराघरांत पोचले. मराठी माणसाला चुकलेला आणि परत आलेला शंभूराजा पेलतो, याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

चित्रपटाची वाट मात्र वेगळी झाली. भालजी पेंढारकरांनी 1941 मध्येच ‘थोरातांची कमळा’ काढून युवराजाला प्रेमकथेचा नायक केले. त्यात चंद्रकांत मांडरे नायक होते. त्याच भालजींच्या ‘छत्रपति शिवाजी’ (1952) मध्ये चंद्रकांत स्वतः महाराज झाले. दूरचित्रवाणीवर हाच प्रवास उलट्या दिशेने घडला. डॉ. अमोल कोल्हे आधी ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत महाराज होते, आणि 2017 पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मध्ये शंभूराजे. एकच चेहरा बापाचा आणि लेकाचा.

हॉलिवूडनेही ही युक्ती मूकपटांच्या काळातच वापरली. डग्लस फेअरबँक्स 1920 मध्ये झोरो झाला, आणि 1925 च्या ‘डॉन क्यू, सन ऑफ झोरो’ मध्ये बाप आणि मुलगा दोन्ही भूमिका त्यानेच केल्या. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ व्हॅलेंटिनोने ‘द सन ऑफ द शेख’ मध्ये तेच केले. प्रेक्षकाला आवडलेला चेहरा पुढच्या पिढीत नेला की वारसा सिद्ध करायची गरज उरत नाही, तो दिसतोच. पण या युक्तीची किंमतही असते. चेहरा तोच असला की मुलाने बापाविरुद्ध उचललेले पाऊल खरे वाटत नाही.

अलीकडचे चित्रपट पाहा. दिग्पाल लांजेकर यांचा ‘शिवरायांचा छावा’ 2024 मध्ये आला, आणि 14 फेब्रुवारी 2025 ला लक्ष्मण उतेकर यांचा हिंदी ‘छावा’, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. विकी कौशलच्या संभाजीराजांनी देशभर गर्दी खेचली. हा चित्रपट महाराजांच्या निधनानंतर, बुऱ्हाणपूरच्या छाप्याने उभा राहतो आणि संगमेश्वरची कैद व नंतरच्या छळापर्यंत जातो. त्यामुळे मुलगा पहिल्या चौकटीपासूनच बापाच्या तोलाचा. दिलेरखानाकडे गेलेले वर्ष कथेच्या आधी घडून गेलेले असते. बदनामीचा इतका जुना इतिहास असताना दिग्दर्शकाला ते वर्ष टाळावेसे वाटणे मी समजू शकतो. तरीही माझे मत स्पष्ट आहे. ते वर्ष गाळल्याने संभाजीराजे मोठे होत नाहीत, सोपे होतात. 1689 मध्ये औरंगजेबासमोर न वाकलेला माणूस हाच एकेकाळी मोगली छावणीत राहून आला होता, हे माहीत असले म्हणजे त्या न वाकण्याचे वजन कळते.

दिलेरखानाकडे जाण्यामागचे कारण काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी घरातला कलह म्हणतात, कोणी दरबारातले गट, तर कोणी बापलेकांनी ठरवून केलेला डावही मानतात. चित्रपटाला यातले एक निवडावे लागते. निवड कोणती झाली, कोणत्या दशकात झाली आणि तेव्हा इतिहासाची कोणती पुस्तके लोकांच्या हातात होती, हे ताडून पाहणे म्हणजेच हा अभ्यासविषय. तो शिकायला मोठे विद्यापीठ लागत नाही. आधी कानेटकरांचे नाटक वाचा, मग बेंद्रे, मग सावंतांची कादंबरी, आणि त्यानंतर चित्रपट लावा. पाहताना कागदावर डिसेंबर 1678 ते एप्रिल 1680 एवढा काळ लिहून ठेवा आणि त्यातले काय पडद्यावर आले ते टिपा.

एक विनंती आहे. नाचणगाव, पुलगाव, देवळी या भागात हौशी मंडळांनी किंवा शाळांनी शंभूराजांवरची नाटके केली असतील, तर त्यांची हस्तपत्रके, छायाचित्रे, हाताने लिहिलेल्या संहिता रद्दीत जाऊ देऊ नका. मागे तारीख आणि भूमिका करणाऱ्यांची नावे लिहा आणि गावच्या वाचनालयात जमा करा.