गालावरचा खड्डा आणि पुण्यातलं नाक

तीन वर्षांपूर्वी हातखंब्याच्या उतारावर पावसात माझी बाइक घसरली आणि डाव्या गालावर वण राहिला. वण कसला, चक्क खड्डा. तेव्हापासून सेल्फीत मी उजव्या बाजूनेच दिसतो. आजी म्हणते, "पुरुषाच्या गालाकडे कोण बघतंय रे?" पण मी बघतो ना, रोज आरशात!

शेवटी रत्नागिरीतच एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, "फिलर भरता येईल." घरी येऊन वाचायला बसलो आणि थेट पेशवाईत पोचलो.

इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवलं, ते कपाळावर पसरून आखलं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांमधला जोड मात्र ठेवला, त्यातून रक्त मिळत राहिलं आणि कातडी जगली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हे छापलं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तशीच शस्त्रक्रिया केली.

यातली ग्यानबाची मेख काय? कावसजीला लावलं ते त्याचंच होतं.

१८९३ मध्ये जर्मन सर्जन न्यूबर यांनी हेच केलं. चेहऱ्यावरचा खोल वण भरायला रुग्णाच्याच हातातली चरबी वापरली. मग सोपा मार्ग सापडला: पॅराफिन, म्हणजे मेणच! पुण्यातल्या त्या माणसाने मेण फक्त मापाला वापरलं होतं, युरोपात ते चेहऱ्यात टोचू लागले. काही वर्षांत ते सरकलं, गाठी झाल्या, चेहरे बिघडले. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईचं कोलॅजन मंजूर झालं, पण आधी ॲलर्जीची चाचणी लागे. २००३ मध्ये तिथे हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर आला. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो.

पण म्हणून तो निर्धोक नाही. काही महिन्यांत तो विरतो, पुन्हा भरावा लागतो. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पसरट, उथळ खड्डा त्याने उचलला जातो. सुईच्या टोकासारखा बारीक, खोल वण सहसा नाही. म्हणून हे काम पार्लरचं नाही, शिकलेल्या डॉक्टरचंच.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे. विचारायचं ठरवलंय: काय भरणार, किती टिकेल, आणि बिघडलं तर विरघळवायचं औषध तुमच्याकडे तयार असतं का? उत्तरं पटली तर भरून घेईन. नाही पटली, तर आजी आहेच की!

भेटू पुढच्या भागात.