अ‍ॅम्पच्या पाठीवरची भोकं

भिलाईत वाढलेल्या माणसाला क्रमाचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. फेब्रुवारी १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून गावाला ठाऊक आहे: आधी लोखंड, मग पोलाद, मग रूळ. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही असाच क्रम असतो, हे मला मात्र नुकसान झाल्यावर कळलं.

आमच्या सेक्टरच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा होता. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मी एका ओळखीच्यांकडून मागून आणला होता. मिक्सरवाला म्हणाला, "गिटारची लाइन दे." मी अ‍ॅम्पमागच्या 'स्पीकर' लिहिलेल्या भोकातली वायर काढून तिथे मिक्सरची खुपसली. आधी नुसता चरचराट, आणि अर्ध्या गाण्यात जळका वास. अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. भरपाई वडिलांच्या पगारातून झाली. त्या दिवसापासून या भोकांचा इतिहास मी शोधत आलोय.

सुरुवात १९५० च्या दशकातली. तेव्हाच्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये आवाज फुटायचा तो मुख्यतः खूप चढवल्यावर, आणि बराचसा शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये. त्याच घराण्यातला पहिला मार्शल १९६२ मध्ये लंडनला तयार झाला. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये टेपचा इको लावला तरी भागायचं, कारण बहुतेक वादक स्वच्छ वाजवत. फुटलेल्या आवाजाला इको हवा असेल, तर तो स्टुडिओत माइकनंतर देता येई.

१९७० च्या दशकात मास्टर व्हॉल्यूमचे अ‍ॅम्प रुळले. आता आवाज आधीच, प्री-अ‍ॅम्पमध्येच फोडता येऊ लागला. घरात हळू वाजवूनही कर्कश सूर मिळाला. पण अडचण इथेच सुरू झाली. इको पुढे लावला की त्याची प्रत्येक आवृत्ती प्री-अ‍ॅम्पमध्ये पुन्हा फुटणार. शिवाय फुटताना आवाज दाबला जातो, म्हणून विरत जाणारा इकोही मूळ सुराइतकाच मोठा होतो. सगळा चिखल. रुळाला आधी रंग फासून मग तो मिलमध्ये लाटायला टाकावा, तसं.

उपाय सोपा होता: अ‍ॅम्प मधोमध उघडायचा. प्री-अ‍ॅम्प संपतो तिथे 'सेंड', पॉवर अ‍ॅम्प सुरू होतो तिथे 'रिटर्न'. हाच इफेक्ट्स लूप. १९८० च्या दशकात तो बऱ्याच अ‍ॅम्पवर दिसू लागला. इको आणि रिव्हर्ब लूपमध्ये. वाह, फझ आणि ओव्हरड्राइव्ह पूर्वीसारखे गिटारनंतर लगेच. फक्त पातळी पाहायची. काही लूप साधारण १ व्होल्टच्या लाइन पातळीवर चालतात. गिटारच्या कमी पातळीसाठी बनवलेला पेडल तिथे गुदमरतो. म्हणून काही अ‍ॅम्पवर पातळी बदलण्याचं बटण असतं.

आता लाइन आउट. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत बास गिटार माइकशिवाय थेट मिक्सरमध्ये घेत. ही सोय मंचावर हवी, तर अ‍ॅम्पमधूनच लाइन पातळीचा सिग्नल बाहेर काढणं आलं. तो कधी प्री-अ‍ॅम्पनंतर घेतात, कधी स्पीकरच्या बाजूने व्होल्टेज कमी करून. माझी चूक इथेच होती. १०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे २८ व्होल्ट देतो. मिक्सरला हवा साधारण १. आणि मिक्सर स्पीकरसारखा भार घेतच नाही. भाराविना वाजणाऱ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि तो जळतो. म्हणून लाइन आउट वापरतानाही व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्पीकर जोडलेलाच ठेवायचा.

एक गोष्ट लाइन आउट देत नाही: स्पीकरचा रंग. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कापतो. थेट लाइनमध्ये ती काप नसते, म्हणून फुटलेली गिटार माशीसारखी गुणगुणते. हल्लीच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची नक्कल करणारं सर्किट असतं ते त्याचसाठी. नसेल, तर माइकच लावा.

तेव्हा मांडवात घाई असली, तरी वायर खुपसण्याआधी भोकावरचं नाव वाचा. मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. तुम्हाला आता माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.