कच्चें कडधान्य आणि आंतड्याचें अस्तर

आखाडा बाळापूरच्या शिवारांत आज सोयाबीन पिकतें. त्याच्या दाण्यांत शेंकडा 40 च्या सुमारास प्रथिन असतें. परंतु खाल्लेलें प्रथिन अंगीं लागेलच असें नव्हे. अमेरिकेंत ऑस्बर्न व मेंडेल यांना 1917 सालीं दिसून आलें कीं, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहींत, शिजविलेल्यावर वाढतात. प्रथिन पचविणाऱ्या ट्रिप्सिनला अडविणारें द्रव्य कच्च्या दाण्यांत असतें.

हा प्रश्न आपल्याकडील अन्नाला लावला तो कमला सोहोनी यांनीं. केवळ स्त्री म्हणून 1933 सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत रामन यांनीं त्यांना प्रथम प्रवेश नाकारला होता. (तो नकार टिकता तर नुकसान संस्थेचेंच झालें असतें!) चिकाटीनें प्रवेश मिळवून त्यांनीं दूध व डाळी यांतील प्रथिनें अभ्यासिलीं, पुढें मुंबईंत, 1954 च्या सुमारास, देशी अन्नांतील ट्रिप्सिनरोधकांचा शोध घेतला.

याची झळ आंतड्याच्या अस्तरास विशेष लागते. त्याच्या पेशी तीन ते पांच दिवसांत बदलतात, आणि नव्या घडावयास प्रथिनच लागतें. तें न मिळालेल्या मुलाच्या अस्तरावरील मखमलीसारखे अंकुर खुजे होतात. मग मिळालेलें अन्नहि नीट शोषलें जात नाहीं. कच्च्या राजम्यांतील लेक्टिन तर या अस्तराला चिकटून इजाच करतें. खळखळून उकळल्यास तें नष्ट होतें; मंद आंचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यांत मात्र टिकून राहतें.