लवाद व्हायचंय? मग जुनी पंचायत समजून घ्या

कायदा शिकणारी मुलं मला विचारतात, लवाद व्हायला काय यायला हवं? मी आधी पंचायतीचा इतिहास सांगतो.

पेशवाईत वतनाचा, वाटणीचा, देण्याघेण्याचा तंटा पंचांपुढे जाई. सुरुवातीला दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. तो नोकरी सोडण्याचा नव्हे, तर 'पंच ठरवतील ते मान्य' असा कबुलीचा कागद. मग तकरीर, साक्षी, जुनी कागदपत्रं आणि शेवटी निवाडपत्र. पंचाकडे पदवी नव्हती, पण कागद पारखायची नजर, कान आणि गावात पत होती.

पण सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतीचे गुण सांगितले, तसेच दोषही. काम रेंगाळे, लाचेला वाव असे, निकाल अमलात आणायला सरकारचं बळ लागे. शिवाय पंचांच्या बैठकीत बायकांना आणि अस्पृश्य मानलेल्यांना बरोबरीची जागा नव्हती, हे आपण विसरू नये.

पुढे १८७० च्या दशकात सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू झालं. कोर्टाचा खर्च आणि हेलपाटे वाचावेत, हा हेतू.

आता १९९६ चा कायदा बघा. कलम १२: पक्षाशी संबंध असेल तर लवादाने आधी सांगायचं. कलम १८: दोघांना समान वागणूक. कलम २९-अ: निवाड्याला मुदत. कलम ३१: कारणं लिहायची (पक्षांनी वेगळं ठरवलं नसेल तर). जुन्या पंचायतीची दुखणी इथे एकेक करून दिसतील. ठरावीक पदवीची सक्ती आजही नाही. बांधकामाच्या वादात इंजिनिअरही लवाद असतो. म्हणून मुलांना सांगतो: हिशेब वाचायला शिका, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐका, आणि हरणाऱ्यालाही समजेल असा निवाडा लिहा.

हे फक्त वकिलांसाठी नाही. तुमच्या कर्जाच्या करारात बारीक अक्षरात 'लवाद कंपनी नेमेल' असं असू शकतं. वादात स्वतःचा स्वार्थ असलेल्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. राजीनाम्याला दोघांची सही लागायची, ती उगीच नाही. सही करण्याआधी ते कलम वाचा, आणि नोटीस आली तर गप्प बसू नका, लेखी हरकत घ्या.