केतकरांचा ‘ब्रह्मा’

दिवाळ्यासारख्या कोळी गावाला ग्रहगणित नवे नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाचे पाणी. तिथी पाहूनच होड्या खाडीत लोटल्या जातात. चंद्र-सूर्याच्या ओढीचा हा हिशेब. ज्यांनी जुन्या पंचांगांची तिथी पुन्हा आकाशाशी जुळवून घेतली, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर (1854-1930) हे एक. पेशाने शाळामास्तर.

युरेनस आपली वाट सोडून चालतो, तेव्हा पलीकडून कोणी तरी त्याला ओढीत असले पाहिजे; या तर्काने 1846 साली नेपच्यून सापडला. केतकर त्याच्याही पलीकडे गेले. गुरूच्या चंद्रांच्या गतींत जो मेळ आहे, तोच बाहेरच्या ग्रहांत असावा असे धरून त्यांनी 1911 साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत दोन ग्रह वर्तविले: ‘ब्रह्मा’ आणि ‘विष्णू’. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या सुमारे 39 पट, फेरा 242 वर्षांचा. 1930 साली अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ या शेतकऱ्याच्या मुलाला प्लूटो सापडला. अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरा 248 वर्षे!

मग हा शोध केतकरांचाच, असे काही अभिमानी म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच नियमाने सांगितलेला विष्णू आजवर कोणाला दिसलेला नाही. वर्गणीच्या वहीत एक रक्कम जुळली म्हणून सारा हिशेब बरोबर ठरत नाही. (प्लूटोलाही 2006 साली ग्रहांच्या पंक्तीतून उठविले, तो भाग निराळा.)

केतकरांचे खरे काम ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ या ग्रंथांत आहे. त्या गणितावर पुढे महाराष्ट्रात पंचांगे निघाली, आणि ग्रहणाची छापील वेळ घड्याळाशी जुळू लागली.