पहिलीत प्रवेश : मुलाचं वय आणि वाचन-लेखन

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. म्हणजे एकाच बाकावर साडेपाच आणि साडेसहा वर्षांची मुलं बसतात. या वयात एक वर्षाचा फरक फार मोठा. लहान मुलाची बोटं पेन्सिलीला सरावलेली नसतात, शब्दातले आवाज सुटे करणं त्याला जड जातं. उर्दू माध्यमात तर दोन लिप्या : उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, शिवाय उर्दूत हर्फ जोडला की त्याचं रूप बदलतं.

खात्यापित्या घरात हा फरक शिकवणी आणि पुस्तकांनी भरून निघतो. मजुरीवर जाणाऱ्या अम्मी-अब्बूंच्या मुलाला शाळाच आधार. म्हणून त्याला ‘कमजोर’ म्हणण्याआधी शिक्षकांनी जन्मतारीख बघावी.

उलट, शाळा सुटलेलं दहा वर्षांचं मूल पहिलीत बसवलं तर लाजेनं पुन्हा शाळा सोडतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार त्याला वयाप्रमाणे वर्ग आणि विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. वय १४ च्या पुढे गेलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४).

पालकांनो, प्रवेशासाठी तारीख पुढे-मागे लिहू नका. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी मोफत आहे. तिथे गेलेलं वर्ष वाया जात नाही.